शिशाची उशी

शेडमध्ये तिला सगळे काटेबाई म्हणत. वजनकाटा सांभाळायची म्हणून, आणि बोलायचीही तशीच म्हणून. घरी मात्र ती नुसती थोरली. धाकटी असली की थोरलीला दुसरं नाव लागत नाही.

शेड होती ग्लायडर उडवणाऱ्या क्लबची. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसऱ्या विमानाला दोर बांधून ते वर ओढून न्यायचं, दोर सोडायचा, आणि मग तापल्या जमिनीवरून वर चढणारी हवा सापडली की तिच्यात घारीसारखं गोल गोल फिरत उंच जायचं. दोघींचा बाप तिथे सुतार होता, ग्लायडरचे पंख जोडायचा. पोरी लाकडाच्या भुशात आणि सरसाच्या वासात वाढल्या. बापाचे हात थोरलीला मिळाले. धाकटीला काय मिळालं ते सांगायलाच नको, सगळं गाव मान वर करून बघायचं.

थोरलीही तरुणपणी वर गेली होती. पण वर गेली की पोट ढवळायचं. जितक्यांदा गेली तितक्यांदा कागदाची पिशवी भरून घेऊन आली. उडायला शिकवणाऱ्या मिशीवाल्या सरांनी शेवटी हात जोडले. म्हणाले, "बाई, तुम्ही खालीच छान दिसता." धाकटी पहिल्या खेपेला वर गेली आणि खाली उतरली ती गाणं म्हणत. आता यात दोष कुणाला द्यायचा? कुणी थोरलीचं काही हिरावून घेतलं नव्हतं, कुणी लबाडी केली नव्हती. एक पोट तेवढं आडवं आलं. ज्याच्यावर राग काढावा असा माणूसच नसला की राग घरातच बसून राहतो, तसं तिचं झालं.

घरातल्या भिंतीवर आईने धाकटीचे फोटो लावले होते. ग्लायडरमध्ये बसलेली धाकटी, पदक घातलेली धाकटी, केस उडताहेत आणि हसतेय अशी धाकटी. एका फोटोच्या अगदी कडेला पंखाचं टोक धरलेला एक हात दिसायचा. तो थोरलीचा. बाकीची थोरली चौकटीने खाल्ली होती. भिंत पुसताना ती तो फोटो सगळ्यात शेवटी पुसायची, आणि जरा जोरात.

तिचं स्वतःचं असं एकच होतं. काटेबाईचं वजन चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. ग्लायडर दुरुस्त झालं किंवा रंगवलं की त्याचं वजन आणि तोल बदलतो. मग ते पुन्हा तोलावं लागतं. एक काटा चाकाखाली, एक शेपटाखाली. दोन्ही आकडे घेऊन गणित करायचं आणि वैमानिकाच्या समोर एक छोटी पाटी ठोकायची: पॅराशूट धरून इतक्या किलोच्या खालचं माणूस इथे बसू नये, तितक्याच्या वरचंही बसू नये. वैमानिक नाकाकडे बसतो ना. तो फार हलका असला की शेपूट जड पडतं, नाक वर उचलतं, ग्लायडर हवेत अडखळतं आणि भिंगरीसारखं फिरत खाली येतं. मग नाक खाली आणायचा दांडा कितीही ढकला, ते ऐकत नाही. म्हणून ती पाटी. एवढीशी असते, पण तिच्यावर माणसाचा जीव असतो.

धाकटी काडीसारखी. कुठल्याही ग्लायडरात बसायला तिचं वजन कमीच पडायचं. मग थोरलीने तिला शिशाची उशी शिवून दिली. जुन्या तंबूचं कापड, आत शिशाचे छर्रे, आणि छर्रे एका कोपऱ्यात जमू नयेत म्हणून चौकटी चौकटीने घातलेली शिवण. सात किलोची उशी. ती सीटवर ठेवायची आणि तिच्यावर धाकटीने बसायचं. धाकटीला त्या उशीची लाज वाटायची. पोरं चिडवायची, "आली बघा, बिछाना घेऊन उडायला." थोरलीला मात्र ती उशी आवडायची. का आवडायची, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तर एकदा क्लबने एक पांढरं ग्लायडर विकत घेतलं. जुनंच, पण देखणं. शेपटाची दुरुस्ती झाली, रंग झाला, आणि ठरलं की पहिली लांबची फेरी धाकटीने मारायची. तीनशे किलोमीटर जाऊन परत यायचं. ती जमली की क्लबमध्ये शिकवणाऱ्याची नोकरी तिचीच, सरांनी तसा शब्द दिला होता. नाही जमली तर पुढची पाळी दातांच्या डॉक्टरची. ते डॉक्टर चांगले गुबगुबीत होते आणि त्यांनाही तीच जागा हवी होती.

ग्लायडर तोलायच्या दिवशी आई शेडमध्ये आली. धाकटीचे फोटो काढायचे होते. धाकटी पांढऱ्या ग्लायडरात बसली, मान वाकडी केली, सरळ केली, चष्मा लावला, काढला. आई म्हणाली, "कशी शोभतेय बघ. जणू हिच्यासाठीच बनवलंय." मग थोरलीकडे वळून म्हणाली, "तू जरा बाजूला हो गं, सावली पडतेय."

थोरली बाजूला झाली.

फोटो झाले, दोघी चहाला गेल्या, आणि थोरलीने काटे मांडले. तोलण्याआधी ग्लायडर रिकामं करायचं असतं, पार खडान्खडा. ती नेहमी आत हात घालून सीट चाचपायची, कापडाखाली, पट्ट्यांखाली, बोटं फिरवून. कधी पेन निघायचं, कधी कुणाची किल्ली. त्या दिवशी तिने आत पाहिलं. सीटवरचं कापड अजून धाकटीच्या बसण्याने दबलेलं होतं. ती मनात म्हणाली, ती बसलेली जागा मी का म्हणून झाडू? आणि हात घातलाच नाही. आकडे घेतले, गणित केलं, पाटी ठोकली. कमीत कमी अठ्ठावन्न किलो.

धाकटी पॅराशूटसकट साठ भरायची. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तिला उशी लागणार नव्हती. तिने शेडभर नाचून घेतलं. थोरलीला वाटलं, हेही गेलं. निदान माझ्या उशीवर तरी बसायची.

उडायचा दिवस उजाडला तो अगदी हवा तसा. स्वच्छ ऊन, दूरवर कापसाचे पुंजके असावेत तसे ढग, म्हणजे त्यांच्याखाली हवा वर चढतेय. पांढरं ग्लायडर धावपट्टीच्या तोंडाशी आणून ठेवलं. आई खुर्ची टाकून बसली. डॉक्टर शुभेच्छा द्यायला आले होते, पण शूज मात्र उडायचेच घालून आले होते.

थोरली पंखाचं टोक धरून उभी होती. धाकटी आत बसली, लगेच उतरली, काखेत उशी घेऊन आली आणि ती तिने थोरलीच्या पायाशी धपकन टाकली.

"घे बाई तुझी उशी. आता सुटले मी हिच्यातून."

"कुठे होती? मी खुंटीवर बघितली, दिसली नाही."

"अगं, यातच होती की. त्या फोटोच्या दिवशी सवयीने घेऊन बसले. मग वाटलं, फोटोत कुठे दिसायला हवी, म्हणून कापडाखाली सरकवली. विसरलेच. आत्ता बसताना टोचली तेव्हा आठवली."

थोरलीच्या हातातला पंख तसाच राहिला. डोक्यात मात्र आकडे आपोआप हलले. उशी आत असताना तिने ग्लायडर तोललं होतं. सात किलो नाकाकडे धरले गेले होते, जे आता तिच्या पायाशी पडले होते. म्हणजे पाटीवरचे अठ्ठावन्न खोटे. खरे पासष्ट. आणि समोर साठ किलोची बहीण पुन्हा आत बसून पट्टे आवळत होती.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं? बहिणीचा जीव नाही आला. आलं ते हे, की आता सगळ्यांना कळणार, काटेबाईचं वजन चुकलं. हिच्याकडे आभाळ आहे, भिंत आहे, आई आहे. माझ्याकडे होतं एवढंच, तेही आज हिच्यापायी जाणार. असं मन असतं, काय करणार. पण ते फार वेळ टिकलं नाही. पाठोपाठ तिला ते पांढरं ग्लायडर भिंगरीसारखं फिरत खाली येताना दिसलं.

तरी तिने आधी सोपी वाट धरून पाहिली. उशी उचलली आणि म्हणाली, "आजच्या दिवस तेवढी घेऊन जा."

"का?"

"माझ्या समाधानासाठी."

"तुझ्या समाधानासाठी?" धाकटी हसली. "ताई, पाटी तूच लावलीस ना? अठ्ठावन्न लिहिलंस ना? मग आता माझ्या बुडाखाली दगड कशाला?"

"घे म्हणते ना."

"नाही घेणार. एवढी वर्षं घेतली. आज बिनउशीची जाणार, सगळ्यांसमोर जाणार."

आई खुर्चीतूनच म्हणाली, "जाऊ दे ना गं तिला. नेमकं आजच तुझ्या पोटात का दुखतंय?"

दोर धरलेली पोरं इकडेतिकडे बघायला लागली. डॉक्टरांनी घसा खाकरला. पोटात दुखतंय हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण असं उघड्यावर कुणी कधी मांडलं नव्हतं. आणि खरी पंचाईत ही होती की आई म्हणत होती ते खोटंही नव्हतं.

थोरलीने पंख एका पोराच्या हातात दिला. सरळ सरांपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, पाटी चुकलीय. तोलताना हिची उशी आत होती. मी सीट चाचपली नाही. पासष्टच्या खाली याच्यात कुणी बसायचं नाही."

सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तुम्ही? सीट चाचपली नाही?"

"नाही."

"का?"

तिने धाकटीकडे बघितलं. "मन नव्हतं."

सर ग्लायडरपाशी गेले. वाकले आणि खिशातल्या पेचकसाने स्वतः ती पाटी काढली. "खोट्या पाटीचं ग्लायडर इथून हलणार नाही. शेडमध्ये घ्या. पुन्हा तोला. आणि ढग काही थांबणार नाहीत, तेव्हा पाय उचला."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती उतरली. शेडमध्ये ग्लायडर ढकलत नेताना मात्र म्हणाली, "मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम करायचं असतं तर आज गप्प बसले असते."

धाकटीने खांदा लावला आणि ग्लायडर जोरात ढकललं.

या वेळी थोरलीने सीटमध्ये दोन्ही हात घातले. कापड काढलं, पट्टे उलटे केले, कोपऱ्याकोपऱ्यातून बोटं फिरवली. चष्म्याची एक काडी निघाली, धाकटीच्याच. काटे मांडले. शेपटाखालचा आकडा तिने स्वतः वाचला नाही. धाकटीला वाकायला लावलं, म्हणाली, "तू वाच. माझ्यावर विश्वास नको ठेवूस." धाकटीने वाचला. गणित केलं तेव्हा बरोबर पासष्ट आले. नवी पाटी ठोकली.

धाकटीने आपणहून उशी उचलली, आत ठेवली, आणि तिच्यावर बसली. पोरांकडे बघून म्हणाली, "हसा आता." कुणी हसलं नाही.

पण दुपार अर्धी सरली होती. दोर सुटला, पांढरं ग्लायडर ढगाखाली जाऊन गोल फिरायला लागलं, आणि थोरली डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. जळत होती का? होती की. खरं बोललं म्हणून ते जात नाही. आता तर जास्तच, कारण काटेबाईचं नाव आज शेडमध्ये पडलं होतं आणि धाकटी मात्र वर चालली होती.

संध्याकाळी फोन आला. धाकटीची अर्धी फेरी झाली होती. मग ऊन उतरलं, हवा मेली, आणि ती एका कापलेल्या शेतात उतरली. "ट्रेलर घेऊन ये," एवढंच म्हणाली. आईने फोन मागितला तर तिने ठेवलाही होता.

थोरली ट्रेलर घेऊन निघाली. म्हणजे फेरी राहिली. म्हणजे नोकरी बहुतेक डॉक्टरांच्या दातांखाली. गाडी चालवताना तिला हसू आलं, अगदी पोटातून आलं. मग वळणावर तिला अठ्ठावन्नची ती पाटी आठवली, आणि हसू तिथेच थांबलं. पुढची वाट तिने खिडकी उघडी ठेवून काढली.

धाकटी शेतात, पंखाच्या सावलीत बसली होती. जमीन टोचत होती म्हणून उशी बाहेर काढून तिच्यावर बसली होती.

"हसलीस ना?" तिने विचारलं.

"हसले. वाटेत."

"मला माहीतच होतं." ती थोडा वेळ गवताची काडी मोडत राहिली. "नोकरी गेली बहुतेक."

"बहुतेक."

"डॉक्टर शिकवणार. प्रत्येक पोराला आधी तोंड उघडायला सांगतील."

दोघींना हसू फुटलं. मग दोघींनी मिळून पंख सुटे केले, एकीने टोक धरलं, एकीने मूळ, बापाने शिकवलं होतं तसं. ट्रेलरचं दार लावताना थोरलीने कधी न विचारलेलं विचारलं.

"वर कसं होतं गं?"

धाकटीने तिच्याकडे नीट बघितलं, ही टोमणा मारतेय का ते. मग सांगायला लागली. नदी कशी दिसते, ढगाच्या पोटाखाली गारवा कसा लागतो, एक घार बाजूला येऊन कशी रागाने बघून गेली. थोरली ऐकत राहिली. पोटात दुखलंच. पण तिने मध्ये तोडलं नाही.

"आणि एक," धाकटी उशी पुढे करत म्हणाली, "हिचा एक टाका उसवलाय. छर्रे सांडतील. शिवून देशील?"

"दे," थोरली म्हणाली. "पण सांडले असतील तर आधी तोलून बघावी लागेल."