आधी खाली विचारून या

आमच्या धंद्यात फ्लॅट दाखवणं सोपं असतं. गिऱ्हाईक संध्याकाळी मला न सांगता परत येतं, तिथं घोळ होतो. एजंटच्या शब्दावर कोणी घर घेत नाही. गेटवर जो दिसेल त्याला विचारतात, "पाणी कसं आहे हो इथं?" नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या त्या चार मजली बिल्डिंगमध्ये गेटवर दिसायच्या मालनबाई. त्यांनी माझे पाच सौदे मोडले. तरी त्यांच्यावर लिहायला बसलोय, यावरून माझा स्वभाव ओळखा.

मालनबाई मूळच्या पिंपळगाव बसवंतच्या. नवरा अंबडला कंपनीत होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. तळमजल्यावर एकट्या राहतात, समोरच्या फ्लॅटच्या दाराला कायम कुलूप. पाण्याच्या मोटरचं बटण त्यांच्या ताब्यात, त्यामुळे चेअरमन कोणीही असो, बिल्डिंग त्यांची. गुडघे पार कामातून गेलेले; दोन पायऱ्या चढायच्या तर तीनदा देवाचं नाव घेतात. घर, मोटरची खोली आणि गेटजवळची प्लास्टिकची खुर्ची, एवढंच त्यांचं फिरणं.

मला विकायचा होता तो तिसऱ्या मजल्यावरचा हमीदाभाभींचा फ्लॅट. दोघींचे नवरे एकाच खात्यात, एकाच शिफ्टला. घरंही एकाच महिन्यात घेतलेली. भाभी रोज पाच वाजता तीन मजले उतरून मालनबाईंकडे चहाला येणार, हे ठरलेलं. त्यांचा मुलगा मुस्तकीम पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं साधं होतं: बिल्डिंगला लिफ्ट नाही, अम्मी एकटी, उद्या तिचेही गुडघे गेले तर? घर विकू आणि तिला इकडे आणू. भाभी नुसती मान डोलवायच्या.

मला वाटलं, महिन्याभरात काम होईल. कुंभमेळा जवळ आला की नाशकात प्रत्येकाला आपला फ्लॅट गंगापूर रोडलाच आहे असं वाटायला लागतं आणि तोंडाला येईल तो भाव सांगतात. पण घेणारेही आता हुशार झालेत. त्यांना लिफ्ट पाहिजे, झाकलेलं पार्किंग पाहिजे, आणि जिम पाहिजे, जिथं ते जन्मात जाणार नाहीत. जुन्या बिल्डिंगला येतं ते बजेटवालं गिऱ्हाईक, आणि ते दहा जणांना विचारल्याशिवाय खिशात हात घालत नाही. इथं पहिल्याच ठिकाणी मालनबाई.

सिडकोतल्या पल्लवी मॅडम शाळेत शिकवतात. टोकन द्यायला तयार होत्या. संध्याकाळी गेटवर आल्या. मालनबाई खोटं बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं!

"पाणी येतं की. पाऊण तास. मोटर जळली तर मग नाय. यंदा दोनदा जळली."

"आणि हवा?"

"हवा लय. वाळत टाकलेले कपडे शेजारच्या बिल्डिंगीतून आणावे लागत्यात."

"मग त्या विकतायत कशाला?"

"पोराकडं चालली, पुण्याला," म्हणून मालनबाईंनी डोळ्याला पदर लावला. मॅडमना वाटलं, वर काहीतरी भयंकर घडलंय. टोकन राहिलं.

मी पेढे घेऊन गेलो. "मावशी, जरा गोड बोला." त्या पुढच्या गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलल्या, की त्याचा मला फोन आला, "ती बाई तुम्हीच बसवलीय ना?"

त्यात बोर्डाची कटकट. 'फ्लॅट विकणे आहे' आणि खाली माझा नंबर, असा बोर्ड भाभींच्या ग्रिलला तीनदा बांधला, तीनदा नाहीसा झाला. "हवेनं गेला," भाभी म्हणायच्या. हवा खरंच जोराची, मी विश्वास ठेवला.

जूनमध्ये मोटर पुन्हा जळली. वायरमनला बॅटरी धरायला मी खोलीत गेलो. मोटरवर पाणी गळू नये म्हणून झाकण ठेवलं होतं: माझा बोर्ड, नंबर खाली. दुसरा भिंतीला टेकवलेला. तिसऱ्यावर पापड वाळवले असावेत, मिठाचे डाग होते. शेजारी दोऱ्या. तुटलेल्या नव्हत्या, गाठी सोडून नीट गुंडाळलेल्या.

ओरडायचं म्हणून बाहेर आलो आणि थबकलो. मालनबाई तिसऱ्या मजल्यावर चढूच शकत नाहीत. मग गाठी सोडल्या कोणी? भाभी तिथंच मालनबाईंशेजारी बसून चहा पीत होत्या. माझ्या हातातली दोरी बघून त्यांनी बशी खाली ठेवली.

"मुस्तकीमला सांगू नको रे," त्या म्हणाल्या. "इतक्या मायेनं बोलावतो, मला नाही म्हणवत नाही."

"तिचा काय दोष नाय," मालनबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं, सोड म्हणून."

मला रडू आलं, कबूल करतो. पाच सौद्यांचं कमिशन आठवलं म्हणूनही असेल.

सांगू नको म्हणाल्या होत्या, तरी मी त्याच दिवशी मुस्तकीमला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तीन मजले, योगेशभाऊ?"

तेव्हा मला मालनबाईंसमोरचं कुलूप आठवलं. ते घर मनमाडला रेल्वेत असलेल्या कारभारी नावाच्या गृहस्थांचं. तळमजला म्हणजे डास आणि अंधार, म्हणून कोणी घेत नव्हतं, आणि हे भाव सोडत नव्हते. मी दोनदा मनमाडला खेपा घातल्या, तेव्हा कुठे ते भावात खाली आले. मुस्तकीमने कर्ज काढून ते घर अम्मीसाठी घेतलं. वरचं विकलं की कर्ज फिटणार. भाभी गणपतीच्या आधी खाली राहायला आल्या.

परवा वरच्या घरासाठी एक जोडपं आलं. दिवसा मी दाखवलं, संध्याकाळी नेहमीप्रमाणे गुपचूप परत आले. मी पानटपरीच्या आडून बघत होतो.

"पाणी रोज येतंय," मालनबाई सांगत होत्या. "पाऊण तास, पण भरपूर. मोटर नवी हाय. हवा तर अशी, की पंखा लावायलाच नको."

"एवढं चांगलं आहे, तर त्या बाई सोडून का चालल्यात?"

मालनबाईंनी समोरच्या उघड्या दाराकडे बोट केलं.

"सोडून कुठं चाललीय? ही काय, चहा टाकतीय."