एकवीस वर्षांत एक चूक नाही

लॉन्ड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्याला नंबर लावायचं काम एकवीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. शर्टाच्या कॉलरच्या आत, पँटच्या कमरेला, पडद्याच्या कोपऱ्यात तो नंबराची कापडी चिठ्ठी टाचायचा आणि मगच कपडा धुवायला जायचा. दिवसाला दोन-अडीचशे कपडे, त्यातले निम्मे पांढरे शर्ट. तरी एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी गेला असं कधी घडलं नाही. याचा त्याला भारी अभिमान. नवीन गिऱ्हाईक दिसलं, की पावती फाडायच्या आधी तो हे ऐकवायचा. सगळे त्याला नंबरवाला म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं.

पलीकडच्या टेबलावर इस्त्री करणारा होता. त्याचं टोपणनाव कडक. का, ते त्याचा स्वतःचा शर्ट बघितला की कळायचं. एकटा जीव. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून सगळ्यांत शेवटी दुकानातून निघायचा.

नंबरवाल्याची धाकटी बहीण एकोणीस वर्षांची. वडील गेले तेव्हा ती रांगत होती, त्यामुळे भाऊ आणि बाप दोन्ही हाच. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी तो दबला, पण डॉक्टर म्हणाले, "हा परत उठणार. त्याआधी बोन मॅरो बदलायला हवा. ज्याचा जुळेल असा माणूस शोधा. सख्ख्या भावाचा जुळायची शक्यता जास्त." तपासणी साधी होती. गालाच्या आत कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालायची, पाकिटावर आपल्या नंबराचं स्टिकर लावायचं.

नंबरवाल्याने आईच्या समोर काडी फिरवली. स्टिकर मात्र लावलं नाही; एक पाकीट कडकसाठीही होतं, तेव्हा दोन्हींना दुकानातच एकदम लावू म्हणाला. "माझंही बघा की," असं तो आपणहून म्हणाला होता. दोन्ही पाकिटं दुकानातूनच हॉस्पिटलात द्यायची ठरली.

त्याच सकाळी एका गिऱ्हाइकाने सांगितलं, की मॅरो मणक्यात भोक पाडून काढतात, आणि त्याच्या ओळखीचा कोणी त्यानंतर सरळ उभाच राहिला नाही. नंबरवाला दिवसाचे अकरा तास उभा राहून पोट भरणारा माणूस. डॉक्टरांना विचारायचं सोडून तो गिऱ्हाइकाचं बोलणंच धरून बसला. दुपारी कडकने काडी फिरवून पाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं. दोन पाकिटं, दोन स्टिकरं. नंबरवाल्याने स्वतःचं स्टिकर कडकच्या पाकिटावर लावलं आणि कडकचं स्वतःच्या. वर अंगठ्याने नीट दाबलं, कडा सुटू नयेत म्हणून. सवयच तशी.

भावाचा जुळत नाही, असा निरोप आला. नंबरवाल्याचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी आपला जीव भांड्यात पडला याची त्याला किळस आली. त्यात धाकटी त्याचीच समजूत घालायला लागली. "दादा, तू वाईट वाटून घेऊ नकोस रे. तुझ्या हातात थोडंच होतं?" त्या दिवशी आईने त्याला आग्रह करकरून वाढलं. त्याने मान खाली घालून सगळं खाल्लं.

महिनाभर अनोळखी माणसांमध्ये शोध चालला. रोज कोणाला तरी फोन, रोज नकार. नात्याबाहेरच्यांची पाकिटं रांगेने, सावकाश तपासत, आणि कडकचं त्यांतच होतं. मग एके दिवशी कडकचा फोन वाजला. बोलता बोलता त्याच्या हातून जन्मात पहिल्यांदा एक कॉलर करपली, आणि तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "जुळलं म्हणतात. माझं. सगळंच्या सगळं."

आपलं पाकीट कडकच्या नावाने फिरत राहील, हा विचार नंबरवाल्याच्या डोक्यात आलाच नव्हता. कपड्यांच्या बाबतीत हे शेंबड्या पोरालाही कळेल, असं तोच म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी आईने कडकचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. एवढं कोणी आपलं मानलेलं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. तो चार दिवसांत दोनदा केस कापून आला.

पक्कं करायला आता कडकचं रक्त तपासणार होते. अहवालाला दोन आठवडे. नंबरवाल्याने मनात मांडणी केली: तेव्हा जुळणार नाही, लॅबने घोळ घातला असं सगळे म्हणतील, आपल्यावर कोणी बोट ठेवणार नाही. मांडणी चोख होती. फक्त त्यात धाकटीला मॅरो देणारं कोणी उरत नव्हतं, आणि तिचा आजार तोवर थांबेल याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती.

रक्त द्यायच्या दिवशी कडक हॉस्पिटलातल्या खुर्चीत बसला; आई आणि नंबरवाला शेजारी उभे होते. बाही अशी दुमडलेली की घडीवर सुरकुती नाही. त्याने नर्सला विचारलं, "मॅरो मणक्यातून काढतात ना?"

"छे हो. बहुतेक वेळा हाताच्या शिरेतूनच घेतो. कधी कमरेच्या हाडातून, तेही भूल देऊन. मणक्याला कोणी हात लावत नाही."

"असू दे," कडक म्हणाला. "मणक्यातून असतं तरी दिलं असतं. पोर आहे ती."

नर्सने सुई उघडली.

"थांबा," नंबरवाला म्हणाला. "त्याचं घेऊ नका. जुळलेलं पाकीट माझं होतं. मी स्टिकरं बदलली."

कडकने त्याच्याकडे बघितलं आणि बाही खाली करायला घेतली. एक एक घडी उलगडत, बटण लावून, तो खुर्चीतून उठला. खुर्ची मोकळी झाली, पण नंबरवाल्याला तिच्यात बसायचा धीर होईना.

दार उघडंच होतं. पलीकडच्या खाटेवर तोंडाला मास्क लावून धाकटी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

आई पुढे आली. "चुकून झालं असेल रे. कामाच्या गडबडीत होतं माणसाकडून. चुकूनच झालं ना?"

ती त्याला वाट काढून देत होती. नुसती मान हलवली असती तर आईने शेवटपर्यंत तेच धरून ठेवलं असतं, आणि कदाचित धाकटीनेही. त्याने बहिणीकडे बघायचा प्रयत्न केला आणि नजर तिच्या पायांपाशीच अडली.

"नाही आई," तो म्हणाला. "एकवीस वर्षांत माझ्या हातून एकदाही चुकून बदललेलं नाही."

मग तो खुर्चीत बसला आणि त्याने हात पुढे केला.