चालत्या प्रोग्रामला हात लावू नये

तुम्ही कधी एखाद्या विद्यार्थ्याची त्याच्याच प्रोग्रामशी ओळख करून दिली आहे का?

मला प्रत्येक सत्रात करून द्यावी लागते. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी ऑब्जेक्ट ओरिएंटेड इंटरनेट प्रोग्रॅमिंग शिकवते. नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच की, जावा भाषेत असे प्रोग्राम लिहायचे, जे लोकांना इंटरनेटवर वापरता येतील. आमच्या लॅबमध्ये धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. धूळ रोज झाडली जाते. किस्से माझ्याकडे राहतात, आणि संध्याकाळी नामस्मरणाला बसले की नेमके तेव्हाच आठवतात. म्हणून एकदा सांगून मोकळी होते.

*

पहिल्या तासाला क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवावे लागते. क्लास म्हणजे वस्तूचा आराखडा. ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यावरून घडवलेली प्रत्यक्ष वस्तू. मी उदाहरण विचारले. साऱ्या वर्गाने एका सुरात सांगितले, "कार."

"कोणाच्या घरी कार आहे?"

एकही हात वर आला नाही.

"मग घरात जे आहे, त्याचे उदाहरण द्या."

शेवटी भातकुलीचा दिनेश उभा राहिला. "मॅडम, घरी काहीबी असो, पेपरात कारच येते."

त्या दिवशी एकच वेगळे उत्तर मिळाले. परतवाड्याहून रोज बसने येणारी प्रणाली म्हणाली, "खुर्ची." तिच्या वडिलांचे बिछायत केंद्र आहे, लग्नकार्याला मंडप, सतरंज्या, कढया आणि खुर्च्या भाड्याने देतात. "आराखडा सगळ्या खुर्च्याइचा एकच असते, मॅडम. पण मोडते ते एकेक खुर्ची मोडते."

एवढी नेटकी व्याख्या मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. मागच्या बाकावरून वैभव म्हणाला, "मांडववाली." वर्ग हसला. मी उरलेला तास सगळ्यांना उभे राहून लिहायला लावले.

*

विद्यार्थी आपले वेबपान आधी स्वतःच्या संगणकावरच चालवून पाहतात. त्यासाठी जो पत्ता वापरतात, त्याला लोकलहोस्ट म्हणतात. ते पान त्याच यंत्राच्या पोटात असते. बाहेर कोणालाही दिसत नाही. हे मी फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून शिकवले होते.

दिनेशने तोच पत्ता व्हॉट्सॲपवर घरी पाठवला. वडिलांनी तो अभिमानाने साऱ्या गावाला पाठवला. दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन.

"मॅडम, पोराची वेबसाईट गावात कोणाच्याच मोबाईलवर नाही उघडून राहिली. टावरचा प्रॉब्लेम हाय का?"

"नाही. ती कॉलेजच्या संगणकात आहे. तिथेच दिसते."

"असं व्हय. मंग आमी तिथं येतो पाह्याले."

आणि ते खरोखर आले, इस्त्रीचे कपडे घालून, चार गावकऱ्यांना घेऊन. मी पान उघडून दाखवले. वर दिनेशचे नाव होते, खाली एका लाल कारचे चित्र. सगळे बराच वेळ पाहत राहिले. मग वडिलांनी दिनेशला हळूच विचारले, "गाडी कोणाची हाय?"

*

वैभव अमरावतीचाच. आवाज मोठा, पाठांतर पक्के, विचार करण्याचा मात्र कंटाळा. माझे माहेर रिद्धपूरचे, आम्ही महानुभाव. हे त्याने कुठून तरी शोधून काढले. तेव्हापासून असाइनमेंट बाकी असली की, "दंडवत प्रणाम, मॅडम." असाइनमेंट पूर्ण असेल त्या दिवशी, "गुड मॉर्निंग." गुड मॉर्निंग मी क्वचितच ऐकले. ज्या शब्दांनी मी लहानपणापासून संतमहंतांपुढे वाकत आले, त्यांचा हा वापर मला सोसत नसे.

प्रोग्राम चालताना काही बिघडले, तर ती चूक पकडून वापरणाऱ्याला नीट समजावण्यासाठी जावामध्ये एक जागा ठेवलेली असते. वैभवच्या प्रत्येक प्रोग्रामात ती जागा रिकामी असे. चूक पकडायची आणि गिळून टाकायची.

"चूक झाली, हे कोणाला कळणार कसे?"

"कोणालेच नाही कळत, मॅडम. म्हणूनच तं प्रोग्राम चांगला वाटते."

माणसे आयुष्यभर याच पद्धतीने राहतात, हे त्याला त्या वयात सांगण्यात अर्थ नव्हता.

*

आमच्या लॅबची एक रीत आहे. एकाचा प्रोग्राम चालला की तो पेनड्राइव्हवरून सगळ्यांकडे जातो. त्यानंतर त्याला कोणी हात लावत नाही. एखाद्या तापट पाहुण्याला जपावे तसे त्याला जपतात.

एकदा लॅबमध्ये शिरले, तर प्रत्येक पडद्यावर "वेलकम दिनेश". मी पहिल्याच मुलीजवळ थांबले.

"तुझे नाव दिनेश?"

"नाही, मॅडम. पण नाव बदललं तं प्रोग्राम बंद पडते."

"बदलून पाहिलेस?"

"नाही."

"मग बंद पडतो, हे कशावरून?"

"चालून राहिला आहे न, मॅडम. कावून रिस्क घ्यायची?"

मी दिनेशकडे वळले. तो तरी प्रामाणिक निघेल, अशी आशा होती. तो म्हणाला, "मले नका विचारू, मॅडम. मलेबी हा प्रणालीनं देला. मी फक्त नाव टाकलं."

म्हणजे वर्गात नाव बदलण्याचे धाडस केलेला तो एकटाच होता.

*

सत्राच्या शेवटी प्रोजेक्ट असतो. प्रणालीने वडिलांसाठी वेबसाईट लिहिली. तारीख निवडायची, खुर्च्या, मंडप, कढया निवडायच्या, की पडद्यावर "बुकिंग पक्के" असे येते. पूर्ण सत्र ती त्यासाठी खपली. एकदा परतवाड्याची बस गाठण्याच्या घाईत ती संगणक तसाच उघडा टाकून गेली. शेजारी वैभव होता.

परीक्षा घ्यायला अकोल्याचे सर आले. सकाळी वैभवने प्रोजेक्ट दाखवला. दुपारी प्रणालीने दाखवला. सर म्हणाले, "हा मी सकाळीच पाहिला."

वैभवला बोलावले. त्याने प्रत्येक ओळ पाठ केली होती. विचाराल ती घडाघडा सांगितली. साईटवर प्रणालीच्या वडिलांच्या दुकानाचे नाव जसेच्या तसे होते.

"हे नाव कोठून आले?" मी विचारले.

"उदाहरण म्हणून घेतलं, मॅडम." मग सरांकडे वळून म्हणाला, "पूर्ण माहाच आहे, सर. आईची शप्पत. मी तं इंटरनेटवरबी टाकला, सगळ्या ग्रुपवर लिंक पाठवली. तिनं टाकला का?"

तिने टाकला नव्हता, कारण तिच्या मते तो अजून पूर्ण नव्हता. वैभवने प्रोजेक्ट तिच्या आधी जमाही केला होता. शपथ घेणाऱ्यासमोर देव लगेच येऊन उभा राहत नाही. त्यामुळे शपथ घेणारे निर्धास्त असतात.

सर नियमाचे मनुष्य. "जो आधी आला, तो मूळ. दुसरा अमान्य."

प्रणाली रडली नाही. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "मॅडम, वरीस गेलं तं बाबा पुढं नाही शिकवत. त्याइनं आधीच सांगून ठेवलं आहे."

गुण पाठवायला अजून थोडे दिवस होते. मी सरांकडे तेवढी मुदत मागितली. काय करणार होते, ते मलाही ठाऊक नव्हते.

*

त्याच आठवड्यात प्रणालीचे वडील, पुंडलिकराव, थेट लॅबमध्ये आले. मला हात जोडले आणि सगळ्यांदेखत मुलीवर कडाडले.

"तुह्या त्या इंटरनेटनं माही इज्जत घेतली. एकाच तारखेले दोन लग्नं. दोघंबी दारात उभे. दोघाइच्या मोबाईलवर बुकिंग पक्के. साऱ्या खुर्च्या यालेबी अन् त्यालेबी. आता सीझनमंधी मी कुठून आणू?"

"बाबा, माहा प्रोग्राम एका तारखेले दोनदा खुर्च्या देतच नाही."

"मंग हे काय हाय?"

तिने आपला प्रोग्राम उघडला. एका तारखेला सगळ्या खुर्च्या एकाच्या नावावर घेतल्या. पुन्हा त्याच तारखेला मागितल्या. प्रोग्रामने नकार दिला. मग वडिलांच्या मोबाईलवर ग्रुपवरून आलेली साईट उघडून तेच केले. त्या साईटने दोन्ही वेळा होकार दिला.

प्रणाली शांतपणे म्हणाली, "हे तपासणं मी सगळ्यात शेवटी लिहिलं, मॅडम. बस पकडाले धावली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी अकोल्याच्या सरांना फोन लावला, स्पीकर सुरू करून तो टेबलावर ठेवला आणि त्यांना ऐकत राहायला सांगितले. मग वैभवला बोलावले. पुंडलिकरावांनी मोबाईल त्याच्यासमोर धरला.

"हे साईट तुही हाय का?"

वैभवने माझ्याकडे पाहिले, टेबलावरच्या फोनकडे पाहिले. "हो, काका. पूर्ण माहीच आहे."

"बरं झालं भेटला. मी तुलेच शोधून राहिलो होतो. दोन वरबाप दुकानात बसले हायेत. चाल."

"कावून?"

"तू पक्कं केलं न बुकिंग. त्याइले खुर्च्या कोण देईल?"

वैभवने समोर धरलेला मोबाईल हाताने बाजूला सारला.

"काका," तो म्हणाला, "बनवली तिनं आहे."

"आता तं तुही होती."

"दाखवाले माही होती."

"अन् दुकानाचं नाव तरी कावून नाही बदललं, बापा?"

"बदललं असतं तं बंद पडली असती."

फोनमधून सरांचा आवाज आला, "मॅडम, मला समजले." प्रणालीचा प्रोजेक्ट मान्य झाला.

वैभवचे नाव परीक्षा विभागाकडे पाठवण्यासाठी मी कागद पुढे ओढला. त्याचे वर्ष जाणार, हे निश्चित होते. पुंडलिकरावांनी माझ्या टेबलावर हात ठेवला.

"वरीस नका घेऊ त्याचं, मॅडम. प्रोजेक्ट पुन्हा करू द्या. मले फक्त त्याचा तो एक दिवस द्या, लग्नाचा."

मी दिला.

*

एक लग्न दुपारचे, दुसरे संध्याकाळचे, दोन्ही परतवाड्यातच. पुंडलिकरावांनी मलाही बोलावले होते. पहिल्या मांडवातून दुसऱ्या मांडवात खुर्च्या नेण्याचे काम वैभवकडे होते. हातगाडी द्यायला पुंडलिकरावांनी नकार दिला.

जेवणे झाली होती, पण ऊन एवढे होते की मांडव सोडून कोणी उठेना. वैभव एका म्हाताऱ्या पाहुण्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आबाजी, उठता का? खुर्ची न्यायची आहे."

"कुठं?"

"तिकडं दुसरं लग्न आहे."

"मंग इथं काय होऊन राहिलं?"

आबाजींनी त्याच्याकडे नीट पाहिले.

"तिकडं जेवाले काय हाय?"

"मले माईत नाही, आबाजी."

"चाल मंग, पाहू."

आबाजी उठले. वैभवने खुर्ची डोक्यावर घेतली आणि भर उन्हात चालू लागला. आबाजी खुर्चीच्या सावलीला धरून त्याच्यामागे. दुसऱ्या मांडवात पोचल्यावर त्याने खुर्ची पहिल्या रांगेत, वराच्या मामांसाठी, मांडली आणि घाम पुसायला वळला.

आबाजी तिच्यावर बसले.

वैभव पुढच्या खुर्चीसाठी परत निघाला.