पाच सप्टेंबरचा फळा

पिंपळगाव राजातल्या आमच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी फकीर मोहम्मद दिनविशेष लिहितात. धंदा पाट्या रंगवण्याचा, शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर मात्र हेडमास्तरांनी लाजावं असं. सत्तावीस वर्षांत एक खाडा नाही. घटना, जन्म, मृत्यू असे तीन रकाने ते आखतात. मजकूर मी देतो, कारण मी इतिहासाचा निवृत्त मास्तर आणि वाचनालयाचा सचिव. दोन्ही पदांचा मला जरा जास्तच अभिमान आहे, असं घरचे म्हणतात.

फकीरभाईंना एक खोड आहे, त्यांना प्रश्न पडतात. एका तारखेला कुणी राजा जन्मला आणि त्याच तारखेला शंभर वर्षांनी कुठे भूकंप झाला, की हे खडू हातात घेऊन उभे. या दोघांचा आपसात काही संबंध असेल का, असं विचारणार. नाही हो, तारीख तेवढी सारखी, असं मी हजारदा सांगितलंय. ते मान हलवतात, पण पटलेलं नसतं. ज्यांच्याबद्दल कुणीच काही लिहून ठेवलं नाही त्यांचे दिवस कुठं जातात, असंही एकदा विचारलं होतं. मी चहा मागवून विषय बदलला.

यंदा श्रावण लागला आणि झुंबरबाई आली. सत्तरी ओलांडलेली बाई, वाचता येत नाही, पण शेतात जाताना फळ्यापाशी थांबून फकीरभाईंकडून सगळं वाचून घेणार. त्या दिवशी ती वाचून घ्यायला आली नव्हती. तिला आपली मुलगी फळ्यावर लिहून हवी होती. पहिली मुलगी. पोळ्याच्या दिवशी पहाटे झाली आणि दिवेलागणीला गेली. दाखला नाही, फोटो नाही.

"तिचा बाप मांगच्या साली गेला," ती म्हणाली. "तिले पाह्यलेली आता मी एकटीच राह्यली. मी गेली का ते पोरगी झालीच नव्हती."

मी नाही म्हणालो. इथं मोठ्या माणसांची नावं लागतात, उद्या सारं गाव रांग लावेल, असं बरंच काही बोललो. बाई निघून गेली. फकीरभाई पुढचे तीन दिवस फळा पुसून, लिहिण्याआधी त्याच्याकडे नुसते पाहत उभे राहायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, सत्तावीस वर्षं तुम्ही सांगाल ते लिहिलं, एक नाव मला मागू द्या. मला माझीच लाज वाटली.

होकार दिला आणि घोळ सुरू झाला. यंदा पोळा बावीस ऑगस्टला होता. बाईला फक्त आठवत होतं की आणीबाणी लागली त्या सालचा पोळा. जुनं पंचांग शोधलं, तर त्या साली पोळा पाच सप्टेंबरला निघाला. पोळ्याची पोरगी पोळा होऊन गेल्यावर कशी काय, हे काही केल्या बाईला समजेना. आमची ईदही दरसाल सरकते, असं फकीरभाई तिला समजावू लागले आणि मधेच स्वतः गोंधळले. शेवटी माझंही डोकं चालेना. मास्तर म्हणतात तर पाच सप्टेंबर, असं म्हणत बाईनं विषय संपवला.

मग फकीरभाईंनी नाव विचारलं. नाव नव्हतंच. बारसं बाराव्या दिवशी होतं, आत्या कानात नाव सांगते, मग चारचौघांत ते घेतात. या पोरीला बारा दिवस कुठून मिळणार? मी म्हणालो, तुम्हीच ठेवा आता एखादं. ती तयार होईना. तो आत्याचा मान.

आत्या म्हणजे तिची नणंद, तानाबाई, मेहकरला. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या नातवाकरवी निरोप गेला. उत्तर काही आलं नाही.

पाच सप्टेंबरला ईद-ए-मिलाद होती. तरी फकीरभाई नवा कुर्ता घालून, अत्तर लावून आले. जन्माच्या रकान्यात राधाकृष्णन, मृत्यूच्या रकान्यात मदर तेरेसा लिहून झालं. राधाकृष्णनांच्या खाली जागा सोडून ते खडू धरून थांबले. झुंबरबाई पायरीवर बसली होती. नऊ वाजून गेले. नाव न लिहिताच फळा पुरा करावा का, हे आम्हा तिघांनाही ठरवता येईना.

साडेनऊच्या एसटीनं तानाबाई आली. लिहिणारा कोण, एवढंच तिनं विचारलं. मग फकीरभाईंचं डोकं हातानं खाली ओढून तिनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

आत्ताच सुचलं का, मी मोठ्यानं विचारलं.

"नाही," तानाबाई म्हणाली. "तवाच ठरवलं होतं. कुंचीबी शिवली होती. बारशाच्या आंधी नाव सांगत नाहीत, म्हून कोनालेच सांगतलं नाही. मले तीन पोरी झाल्या, एकीलेही ते नाव नाही ठेवलं. ते तिचं होतं."

फकीरभाईंनी सावकाश लिहिलं : १९७५, कौतिका, झुंबरबाईची मुलगी. मग वाचून दाखवलं. झुंबरबाईनं ते नाव आधी तोंडातल्या तोंडात म्हटलं, मग हाक मारावी तसं मोठ्यानं घेतलं. तानाबाईला तेवढं ऐकू आलं असावं, ती तिच्याजवळ जाऊन बसली.

फकीरभाईंचा खडू मृत्यूच्या रकान्याकडे गेला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतिहासाच्या हिशेबानं तिथंही लिहायला हवं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"राहू द्या, फकीरभाई," मी म्हणालो. "आज तर बारसं झालं."