गिटारीत मुरवलेलं अलसीचं तेल

बायकोला जाऊन सात महिने झाले. आमची मिल बंद पडली त्या वर्षीचं सांगतो. मी घरात बसून होतो आणि तिला नडत होतो. ती अंगणवाडीत जायची, घर तिच्यावर चालायचं. मी मिलच्या सुतारखात्यातला. "मिल बंद झाली, हात नाही बंद झाले," ती म्हणायची. हेच तिनं तिच्या धाकट्या भावाला सांगितलं आणि घोळ झाला.

मेहुणा ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. गिटारीचा लाल रंग जागोजागी उडालेला. त्याला आता रंग नको होता, लाकूडच दिसायला पाहिजे होतं. शनिवारी सांवेर रोडच्या एका कारखान्यात प्रोग्राम होता.

"दाजी, ताई म्हणते तुम्ही लाकडाचे उस्ताद."

मी म्हटलं, ठेवून जा. बायको दारातच उभी. तिच्या भावाचं काम बिघडलं असतं तर मला त्या घरात तोंड वर करायची सोय नव्हती.

मान, तारा, वायरी सगळं त्यानं काढून नेलं. मी रंग खरवडला, रेगमालाचा खरखरीत कागद मारला. लाकूड सुंदर निघालं. आता राहिलं तेल. मला मिलचीच रीत माहीत. मागावर धोट्याला फटका मारणारी लाकडी दांडी असते. ती नवी आली की आम्ही अलसीच्या, म्हणजे जवसाच्या, तेलात दिवसेंदिवस बुडवून ठेवायचो, म्हणजे फुटत नाही. गिटारीला कोण फटके मारतो, हे काही डोक्यात आलं नाही. कपड्यांच्या टबात तेल ओतलं आणि सोमवारी गिटार बुडवली.

गुरुवारी काढली तर धान्याच्या पोत्यासारखी जड. दोरीला टांगली, टपटप गळायला लागली.

"माझ्या भावाच्या गिटारीचं लोणचं घातलंत?" बायको म्हणाली.

"मुरतंय."

"वरचं पुसायचं नसतं का?"

"मिलमध्ये पुसत नव्हते."

"मिल आहे कुठं आता?"

मग तिनं पदर खोचला. भजी काढतो तशी गिटार रद्दी पेपरवर ठेवली. पेपर भिजला की दुसरा. दिवसभर गच्चीवर ऊन दाखवलं. मध्येच तेल शोषायला ज्वारीचं पीठ चोळलं, ते चिकटून बसलं, परत मलाच घासावं लागलं. दोन दिवस तिचं तोंड थांबलं नाही. माझ्या बापाला, मिलच्या मालकाला, अलसीला, कोणाला सोडलं नाही.

शनिवारी सकाळी मेहुणा आला. हात फिरवला, बोटांचा वास घेतला.

"दाजी, हे हाताला लागतंय."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "लागणारच. बाजारातले नुसता हात मारतात. यांनी आतपर्यंत मुरवलंय. महिनाभर सुटेल थोडं. काळा शर्ट घाल."

"ताई, ड्रेस सफेद आहे सगळ्यांचा."

"मग पोटाला फडकं बांध."

गेला बिचारा माझं जुनं धोतर घेऊन.

मी म्हटलं, "दोन दिवस मला शिव्या दिल्यास, आणि भावासमोर असं?"

"तुम्हाला मी बोलेन," ती म्हणाली. "तो कोण बोलणारा?"

पुढं पॉलिशची कामं मिळाली, तीस वर्षं केली. ती प्रत्येक वेळी येऊन बघायची आणि काही ना काही बोलायचीच. आता काहीही करा, कोणी बोलत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुमची मर्जी. मर्जी घेऊन मी काय करू.