ढवळीचं आवतण

ज्या माणसाने उभं आयुष्य लोकांना बेशुद्ध करण्यात घालवलं, त्याने रिटायर झाल्यावर शुद्धीवरच्या लोकांना धक्के देऊन आडवं पाडायचा विडा उचलावा, असं दुसरं उदाहरण अख्ख्या अमेरिकेत सापडायचं नाही. आमचे भूलवाले काका म्हणजे मूळचे वर्ध्याचे, चाळीस वर्षं मिनेसोटात भूलतज्ज्ञ, आणि ईडन प्रेरीत माझ्या ड्राइव्हवेला ड्राइव्हवे लागून असलेले शेजारी. मी पुण्याची. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरते, त्यामुळे मला धक्का बसणं तसं अवघड. पण पहिल्याच भेटीत मी नमस्काराला वाकले, तर आशीर्वादाऐवजी काका म्हणाले, "वजन किती तुझं?" मी गारच पडले. नंतर कळलं की ते सगळ्यांनाच विचारतात. वजन कळल्याशिवाय भुलीचा डोस ठरत नाही, ही जुनी सवय. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांनाही विचारलं. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, तोही माझ्याशी!

रिटायर झालेले बाकीचे डॉक्टर गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात. काकांनी एका शनिवारी फोन केला, "नवीन गाडी घेतली ना बाप्पा, बघायला चल." आता गाडी म्हटल्यावर मी रीतीप्रमाणे हार आणि नारळ घेऊन निघाले. चाळीस मिनिटं पश्चिमेला ड्राइव्ह करून एका शेतावर पोचलो, काकांनी तबेल्याचं दार सरकवलं आणि म्हणाले, "ही आपली गाडी." समोर घोडी! घोडी कसली, चार पायांवर उभा केलेला हौद! खांद्यापाशीच माझ्यापेक्षा उंच, पांढरीशुभ्र, आणि खूर आमच्या परातीएवढे. मी किंचाळले. घोडीने शांतपणे माझ्या हातातला हार ओढला आणि खाऊन टाकला. "नऊशे किलो," काका प्रेमाने म्हणाले. तिचंही वजन सगळ्यात आधी विचारलेलं होतं. परत आल्यावर काकूंना म्हटलं, अहो, तुम्ही यांना अडवलं नाही? काकू भाजी निवडत म्हणाल्या, "लग्नात वरातीच्या घोड्यावर बसायला घाबरले होते हे. पायी आले मांडवात. आता ते कर्ज फेडून राहिले असतील."

त्यानंतर काकांच्या तोंडी दुसरा विषय नाही. ही पर्चेरॉन जातीची, फ्रान्समधल्या पर्श नावाच्या मुलखातली. हिच्या पूर्वजांनी पॅरिसमध्ये घोड्यांच्या बसगाड्या ओढल्या, जहाजात बसून अमेरिका गाठली, इथे नांगर ओढले, आगीचे बंब ओढले. मग ट्रॅक्टर आला आणि जात बुडायची वेळ आली. यंत्रं न वापरणाऱ्या आमिश लोकांनी शेतावर सांभाळली म्हणून उरली. हे सगळं त्यांनी मंडळाच्या दिवाळीत 'दोन शब्द' म्हणून माईकवर पाऊण तास सांगितलं आणि तोवर चकल्या मऊ पडल्या. मी एकदा सहज विचारलं की बिअरच्या जाहिरातीतले घोडे असतात तशीच ना ही, पायाला केसांचे झुबके असलेली? सावजी रश्श्याला कोणी पुणेरी आमटी म्हणावं तसे काका दुखावले. "ती क्लाइड्सडेल जात! नांगराच्या चिखलात झुबके काय कामाचे? हिचे पाय बघ, स्वच्छ!" ढवळी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. जन्मली तेव्हा ही काळीकुळकुळीत होती, म्हणे. या जातीत जी पांढरी होतात ती बहुतेक काळीच जन्मतात आणि वयाबरोबर पिकतात. "माझ्यासारखीच," असं म्हणून ते स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायचे. तिच्या खांद्यावर मात्र केस गेलेल्या कातडीचा एक पट्टा होता. आयुष्यभर नांगर ओढताना तिथे जोत घासलं होतं. घोड्यांच्या लिलावात तो पट्टा पाहिला आणि काकांनी हात वर केला. म्हातारी घोडी दुसरं कोणी घेणार नव्हतं, आणि अशांची रवानगी कुठे होते ते काकांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण खरा कहर केला तो पोळ्याला. वर्ध्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात आणि त्यांना रीतसर आमंत्रण देतात. काका मला धरूनच घेऊन गेले. मी दाराशीच, कडी घट्ट धरून उभी. "काय घाबरून राहिलीस? तिचं जेवण गवत आहे, तू नाही!" असं मला झापून त्यांनी तिचा तो पट्टा तुपाने हळूहळू चोळला, आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मला वाटलं, झालं. उद्या इथेच पुरणपोळी आणून भरवतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरून क्लायंटच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये होते. खिडकीत अंधार झाला. वळून पाहते तर काचेला लागून ढवळीचं तोंड! क्लायंट ओरडला, मी ओरडले, लॅपटॉप मांडीवरून खाली. बाहेर ट्रेलर उभा, तबेल्याचा मालक, एक सत्तरीतला अबोल गोरा शेतकरी, टोपी काढून काकूंच्या तबकाकडे बघत होता, आणि काकू शांतपणे घोडीला ओवाळत होत्या. "काका, घरी आणलीत? अहो, सोसायटीची कमिटी आपल्याला हाकलून देईल!" काका माझ्याकडेच आश्चर्याने बघत राहिले. "आवतण दिलं ना काल? पाहुण्याला जेवायला काय तबेल्यात वाढतात?" पाहुणीने एक पुरणपोळी खाल्ली, मान वळवली आणि माझ्या दारातला कढीपत्ता एका घासात संपवला. सात हिवाळे! सात हिवाळे मी ते झाड लेकरासारखं आत-बाहेर करून जगवलं होतं! मी काकांशी महिनाभर बोलले नाही. महिन्याने माझ्या दाराशी कढीपत्त्याची नवी कुंडी आली, चिठ्ठीवर लिहिलं होतं, "वजन: पाव किलो. हळूहळू वाढेल."

फेब्रुवारीत काकू बर्फावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण आणखी एक मिनेसोटाचा हिवाळा त्यांना झेपणार नव्हता. मुलगी ॲरिझोनात चँडलरला असते, तिने बोलावलं. मला वाटलं, काका घोडीसाठी हटून बसतील, आठवडाभर भांडण होईल. कसलं काय! काकांनी त्याच दिवशी हो म्हटलं आणि घराला विक्रीचा बोर्ड लावला. मला बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का. "आणि ढवळी?" मी विचारलं. ॲरिझोनाच्या उन्हात ती तगणार नव्हती, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. शेतकरी तिला ठेवून घ्यायला तयार होता. त्याचं म्हणणं एवढंच की तिच्याकडे कुणीतरी माणूस येत राहायला हवं. काकांनी ते मला सांगितलं आणि पुढे काही मागितलं नाही.

निघायच्या दिवशी मीच त्यांना शेतावर नेलं. त्यांनी खांदा चोळला, त्यावर कपाळ टेकलं. मी वाट बघत होते की आता ते तिच्या कानात काहीतरी म्हणतील. म्हणाले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "ज्याच्याने जेवू घालणं होत नाही, त्याने आवतण देऊ नये." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला रडू आवरेना.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वजन किती तुझं?" मग, "उद्या पोळा आहे." बस, एवढंच. मी शिव्या घालतच गाडी काढली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय! तबेल्यात फोन स्पीकरवर ठेवला, तिच्या खांद्याला तूप-हळद लावली, आणि टाचा उंचावून माझ्या पुणेरी आवाजात तिच्या कानाशी म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तिकडे फोन काकूंनी घेतला. काकू म्हणाल्या, "रडून राहिलेत गं ते. तू ठेव."

आज मी सुट्टी टाकली आहे. कमिटीला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पुरण वाटून झालंय, शेतकरी ट्रेलर घेऊन बाराला येईल. आणि कढीपत्त्याची कुंडी मी सकाळीच बाहेर दारात आणून ठेवली आहे.