आधी तुम्ही बार काढा
फलटणजवळच्या आमच्या गावात जत्रेची पालखी उठताना बंदुकीची सलामी देतात. तो मान नाथाजीच्या घराचा. नाथाजी सैन्यात शस्त्रं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं गावात लेथ टाकली. माणूस तिरसट. देवाच्या पाया पडतानाही भांडायला आल्यासारखा चेहरा. मला तो आवडतो, गावात फारसा कुणाला नाही.

यंदा जत्रा तोंडावर आली आणि काडतुसं मिळेनात. बंदूक वीरधवल पाटलांची, परवाना त्यांचा आणि जत्रा कमिटीचे अध्यक्षही तेच. त्यांनी तोड काढली, की रिकामी काडतुसं घरीच भरायची आणि त्यात दारू ठासायचं हत्यार नाथाजीनं करून द्यायचं. पितळेचा गज, पंपाचं गनमेटलचं जुनं बुश आणि ट्रॅक्टरच्या शाफ्टचा तुकडा त्यांनी लेथवर मांडला. यातलं काय टिकेल ते निवड, म्हणाले.

नाथाजीनं तिन्ही तुकडे हातात घेऊन निरखले. मला वाटलं, गडी लागला कामाला.

"धातू तिन्ही चांगलं हायती," तो म्हणाला. "पर दारू अंदाजानं भरणार तुमी. चुकली तर नळी फुटंल, आन् बंदुकीला गाल माज्या नातीचा हाय."

यंदा सलामी त्याची नात सृष्टी देणार होती. पाटील म्हणाले, जमत नसेल तर मान गावातल्याच धुळाच्या घरी जाईल. नाथाजीनं तुकडे त्यांच्या पिशवीत परत टाकले. बायको शालूबाई रडली, पिढ्यांचा मान हट्टापायी घालवला म्हणाली. तो लेथ पुसत राहिला.

पाटलांनी माधवनगरच्या एका लेथवाल्याकडून हत्यार करून आणलं, शाफ्टचंच. जड म्हणजे मजबूत, ही आमच्याकडची ठाम समजूत.

जत्रेदिवशी पालखी खांद्यावर चढली. धुळानं बंदूक उचलली, तोच नाथाजी गर्दीतून पुढं आला आणि त्यानं नळीवर हात ठेवला.

"पाटील, काडतूस तुमी भरलंय. पयला बार तुमी काढा. मग धुळा काढंल, माजी नातबी काढंल."

हलगी थांबली. पाटलांनी बंदुकीकडं पाहिलं, सगळ्या गावानं पाटलांकडं. खांदा दुखतोय, असं काहीतरी ते पुटपुटले. मागून बायका हसल्या. मला तर उकळ्या फुटत होत्या.

धुळानं बंदूक उघडली, काडतूस काढलं आणि पाटलांच्या हातावर ठेवलं.

"मला दोन लेकरं हायती," तो म्हणाला.

पालखी सलामीशिवाय निघाली.